महासाथीच्या काळातील डायलिसिसचे रुग्ण : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर रक्तातील टाकाऊ द्रव्ये, क्षार व जादा पाणी यंत्राच्या साहाय्याने काढून टाकण्याच्या उपचारास डायलिसिस म्हणतात. २०२० साली कोरोनाची महासाथ आली, तेव्हा सर्वांना एकच सूचना दिली जात होती : घरीच राहा. डायलिसिसच्या रुग्णांना ती पाळणे शक्य नव्हते. बाहेर पडावे तर संसर्गाचे भय, घरी बसावे तर काही दिवसांतच प्राणावर बेतणार, असा तो पेच होता.

उपचाराचे स्वरूप

डॉ. विलेम कोल्फ ह्यांनी १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हॉलंडमध्ये पहिले उपयुक्त डायलिसिस यंत्र तयार केले. आजच्या पद्धतीत हातावरील फिस्टुलामध्ये दोन सुया टोचून रक्त यंत्राकडे नेले जाते आणि शुद्ध करून परत शरीरात सोडले जाते. एका वेळेस सुमारे चार तास लागतात व साधारणतः १२० लिटर शुद्ध केलेले पाणी खर्च होते. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस व्हावे असा वैद्यकीय संकेत आहे. परंतु खर्च व अंतर ह्यांमुळे आपल्या देशात अनेक रुग्ण दोन वेळांवरच भागवतात. अशा रुग्णाची एक पाळी जरी चुकली, तरी अंगावर सूज येते, दम लागतो, रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयक्रिया बंद पडू शकते.

टाळेबंदीतील हाल

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मंठा, परतूर, घनसावंगी किंवा जाफराबाद तालुक्यांतील खेड्यात राहणाऱ्या रुग्णाला डायलिसिससाठी जालना शहर किंवा तेथून सुमारे ६० किलोमीटरवरील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) गाठावे लागे. गरिबाचे वाहन म्हणजे एसटी, तीच थांबली. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सेवा २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. तोवर खाजगी वाहनाचे भाडे व प्रवासाचा परवाना ह्या दोन्हींची तजवीज कुटुंबाला करावी लागे, तीही आठवड्यातून दोन-तीनदा आणि हातची मजुरी बुडालेली असताना.

ह्या काळाचे चित्र देशातील १९ मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीतून स्पष्ट होते. नियमित डायलिसिसवरील २,५१७ रुग्णांपैकी २८.२ टक्के रुग्णांच्या एक किंवा अधिक पाळ्या चुकल्या, २.७४ टक्के रुग्णांना तातडीने डायलिसिस करावे लागले, ४.१३ टक्के रुग्ण रुग्णालयात येईनासेच झाले. ह्या शेवटच्या आकड्यामागे १०४ माणसे आहेत, हे विसरता कामा नये.

शासकीय उपाय

एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डायलिसिस केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. जिल्ह्यात किमान एक केंद्र संशयित व बाधित रुग्णांसाठी सज्ज ठेवावे आणि रुग्णांच्या प्रवासाची सोय व्हावी, असे त्यांत म्हटले होते. त्या वेळचे राज्याचे आरोग्यमंत्री श्री. राजेश टोपे हे जालना जिल्ह्यातीलच. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ राज्यातील सर्व नागरिकांना देण्याची घोषणा त्यांनी १ मे २०२० रोजी, महाराष्ट्रदिनी, जालना येथे केली. डायलिसिसचा ह्या योजनेत समावेश आहे. पुढे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधिग्रस्तांना लस मिळू लागली. त्या व्याधींच्या यादीत डायलिसिसवरील रुग्णांचाही अंतर्भाव होता.

जीवनमान म्हणजे काय?

रुग्ण जिवंत आहे, एवढ्याने त्याचे जीवन सुसह्य आहे असे होत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे जीवनमान मोजण्यासाठी जगभर ३६ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. शारीरिक क्षमता, मनाची स्थिती, खाज व थकवा यांसारखी लक्षणे, दैनंदिन जीवनावर झालेला परिणाम आणि ‘आपण कुटुंबाला ओझे झालो आहोत’ ही भावना, ह्या सर्वांची नोंद तीत होते.

महासाथीने ह्यांतील प्रत्येक बाजूस धक्का दिला. केंद्रातील शेजारच्या खाटेवरील ओळखीचा चेहरा एके दिवशी दिसेनासा होई. सोबतीला आलेल्या नातेवाइकास आत प्रवेश नसे. गावी परतल्यावर ‘दवाखान्यातून आलेला’ म्हणून लोक दूर राहत. घरगुती सल्ल्यांचाही त्रास कमी नव्हता. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून जो तो काढा व फळांचा रस घ्यायला सांगत असे. जालना जिल्हा तर मोसंबीसाठी प्रसिद्ध! परंतु मोसंबीच्या रसातील पोटॅशियम आणि वारंवार घेतलेला काढा हे दोन्ही ह्या रुग्णांना अपायकारक ठरू शकतात, कारण त्यांच्या दिवसभराच्या पाण्याचे मोजमाप ठरलेले असते.

पोटाच्या पोकळीत द्रव सोडून घरीच करण्याचे डायलिसिस हा दुसरा मार्ग आहे. त्यात वारंवार प्रवास टळतो. मात्र त्यासाठी स्वच्छ खोली, प्रशिक्षण व द्रवाच्या पिशव्यांचा नियमित पुरवठा लागतो.

आपण काय करू शकतो?

महासाथ ओसरली असली तरी पूर, संप किंवा दुष्काळ ह्यांमुळे रस्ता व पाणी पुन्हा तुटू शकते. २०१२-१३ चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या भागातील डायलिसिसच्या रुग्णांची, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, माहिती त्यांच्या संमतीने ठेवावी. त्यांच्या डायलिसिसचे वार कोणते, केंद्र कोणते आणि अडचणीच्या वेळी वाहन कोण देईल, हे आधीच ठरवावे. रुग्णाच्या घरी फळांची टोपली नेण्याऐवजी त्याला काय चालते, हे अगोदर विचारावे. आणि जो रुग्ण दोन पाळ्या दिसला नाही, त्याच्या दारी त्याच दिवशी कोणीतरी जावे. त्या १०४ जणांपैकी किती जणांच्या दारी कोणी गेले असेल?