घिसाडघाई, शिकलगार आणि एक सुरी

मागच्या महिन्यात आठवडी बाजाराच्या कडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडून सुरी घेतली. बाई घण मारत होती, पोरगं भाता फिरवत होतं, बाप्या सांडशीत पातं धरून ऐरणीवर वळवत होता. ट्रकच्या जुन्या कमान-पाट्याचं पोलाद. हातात आलं तेव्हा पातं काळंकुट्ट, हातोड्याच्या खुणांनी भरलेलं, मूठ नाही, धार नाही. मी म्हटलं, "दादा, हे तर अर्धवट आहे." तो म्हणाला, "पाणी दिलंय भाऊ. आता घासा तुमचं तुम्ही."

शेजारी उभा असलेला एकजण हसून म्हणाला, "म्हणूनच म्हणतात ना, घिसाडघाई!"

तो शब्द डोक्यात घेऊनच घरी आलो. पंधरा दिवस रोज संध्याकाळी तासभर ते पातं घासत बसलो आणि कळलं की आपण त्या माणसावर किती मोठा अन्याय करतो.

आधी काम सांगतो, मग इतिहास. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी भट्टीची काळी खपली तारेच्या ब्रशनं सुटली. सोड्याच्या पाण्यानं धुतलं, नाहीतर लगेच गंज धरतो. मग कानस. पात्याच्या पाठीवर कानस व्यवस्थित चावत होती, धारेच्या बाजूला मात्र काचेवरून घसरावी तशी घसरत होती. म्हणजे त्या माणसानं फक्त धारेलाच पाणी दिलं होतं. धार कडक, पाठ मऊ आणि चिवट. अख्खं पातं कडक केलं तर पडल्यावर काचेसारखं तडकेल आणि अख्खं मऊ ठेवलं तर धार टिकणार नाही. थर्मामीटर नाही, भट्टीला काटा नाही. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून त्यानं हे साधलं होतं. याला घाई म्हणायचं?

घाई मी केली. कानशीला कंटाळून ड्रिलला चाक लावलं आणि टोकाशी दाबून धरलं. दोन मिनिटांत टोक निळं पडलं. आमच्या गल्लीत शिकलगार आडनावाचं घर आहे, तिथल्या चाचांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी उतरवलंस बाबा त्याचं." पोलाद निळं होईपर्यंत तापलं की त्याचा कडकपणा जातो, मग कितीही घासा, धार टिकत नाही. निळा भाग हातानं घासून काढावा लागला, टोक तीन-चार मिलिमीटरनं आखूड झालं. त्यानंतर 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 600 पर्यंत सगळं हातानं आणि दर थोड्या वेळानं पाण्यात बुडवून.

चाचांच्या आडनावातच या गोष्टीचा इतिहास आहे. अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई, घासून चकाकी आणणं. त्यावरून सैकलगर, आणि आपल्याकडे शिकलगार. म्हणजे लोहारानं पातं घडवायचं, पाणी द्यायचं आणि तिथं थांबायचं. पुढचं घासणं, धार, झिलई ही शिकलगाराची. म्यान करायचं जिनगरानं. एका तलवारीमागे तीन-तीन हुन्नर होते. घिसाड्यानं मला दिलेलं ओबडधोबड पातं हे अर्धवट काम नव्हतंच, त्याच्या वाट्याचं काम पूर्ण होतं. पुढची कडी आपल्याकडून तुटली आहे.

ती कशी तुटली? 1818 मध्ये पेशवाई गेली, सरदारांच्या फौजा मोडल्या, तलवारीचं गिऱ्हाईक आटलं. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा, युरोपियनांना मात्र सूट. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचीही मुस्कटदाबी करणारा कायदा आला, हा काही योगायोग नाही.

शिकलगारांतले काही जण कात्र्या-सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरू लागले. काहींनी हुन्नरच बदलला. मिरजेची तंतुवाद्यं आज देशभर नावाजली जातात, त्यांची परंपरा फरीदसाहेबांपासून सांगतात, आणि ते घराणं मूळचं शिकलगारांचं. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि तलवारी दुरुस्त करणारे हात तंबोऱ्याकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. ज्यांना आश्रय मिळाला त्यांची कला झाली. ज्यांना नाही मिळाला, त्यांचं पाल अजून रस्त्याच्या कडेला आहे.

हे आज लिहायचं कारण आहे. 2022-23 च्या सुमारास पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द रोज छापून यायला लागला. दहशत खरी होती, लोक जखमी झाले, पोलिसांनी कडक वागायलाच हवं. पण तेव्हापासून कोयता बनवणाऱ्याकडेही संशयानं बघायची सवय लागली आहे. आमच्या बाजारात मागच्या वर्षी एका घिसाडी कुटुंबाचं सामान उचलून नेलं, आणि "गुन्हेगारांना हत्यारं पुरवतात" असं चारचौघांत सुनावलं. ते कोयते ऊसतोडीचे होते. सोबत खुरपी, विळे आणि कुऱ्हाडीही होत्या.

कायदा काय म्हणतो ते बघा. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या-तलवारी शस्त्र म्हणून मोजतात, पण घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून स्पष्टपणे वगळतात. सार्वजनिक जागी कोयता नाचवणाऱ्यावर कारवाई करायला महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 आहेच. म्हणजे कायद्याला हातातला कोयता आणि ऐरणीवरचा कोयता यातला फरक कळतो. आपल्यालाच कळेनासा झालाय.

आपल्या राज्यात घिसाडी भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांना आरक्षणाचा कागद मिळाला, पण बाजारात भट्टी लावायला हक्काची दहा बाय दहाची जागा मिळालेली नाही. आमच्या नगरपालिकेकडे मागणी एवढीच आहे: आठवडी बाजारात त्यांची जागा आखून द्या, रीतसर पावती फाडा, म्हणजे उद्या कुणी येऊन सामान उचलणार नाही.

माझी सुरी तयार झाली. बाभळीची मूठ बसवली, जवसाचं तेल पाजलं. काल टोमॅटोवर नुसती ठेवली आणि उतरली. चाचांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, "घडवणारा पाणीदार आहे."

पुढच्या बाजारी ती सुरी घेऊन त्या पालावर दाखवायला जाणार आहे. आणि यावेळी भाव करणार नाही.