८७० मिलिबार : टायफून टिप, १९७९

समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब १०१३ मिलिबार असतो. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी अमेरिकी हवाई दलाचे विमान एका वादळाच्या डोळ्यात शिरले आणि त्याने पॅराशूटला बांधलेले मापनयंत्र खाली सोडले. नोंद आली ८७० मिलिबार. समुद्रसपाटीवर याहून कमी दाब मोजला गेल्याची नोंद आजही नाही.

या वादळाचे नाव टिप. ऑक्टोबरच्या आरंभी पश्चिम प्रशांत महासागरात पोनपे बेटाच्या दक्षिणेस ते जन्मले. आरंभ मात्र अगदीच सामान्य होता. जवळच्या रॉजर वादळाने विषुववृत्तापलीकडून येणारे वारे स्वतःकडे ओढून घेतले आणि टिप काही दिवस घुटमळत राहिले. रॉजर दूर जाताच चित्र पालटले. ग्वामच्या दक्षिणेकडून पुढे सरकलेले टिप उबदार समुद्रावर अफाट वाढले. वाऱ्यांचा वेग ताशी ३०५ किलोमीटर, तर वादळी वाऱ्यांच्या घेराचा व्यास सुमारे २,२२० किलोमीटर. इतके विस्तीर्ण चक्रीवादळ दुसरे नोंदलेले नाही.

१९ ऑक्टोबरला ते होन्शू बेटावर पोहोचले तेव्हा त्याचा जोर बराच ओसरला होता. तरीही जपानमध्ये पूर आले, दरडी कोसळल्या, मासेमारी नौका बुडाल्या. फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या अमेरिकी मरीन तळावर तर पावसातच आग भडकली! मुसळधार पावसाने उतारावरील भिंत ढासळली, रबरी टाक्यांतील इंधन पाण्यासोबत वाहत बराकींपर्यंत आले आणि पेटले. त्या आगीत १३ मरीन सैनिकांचा बळी गेला.

सुमारे वीस दिवसांच्या आयुष्यात टिपमध्ये ६० टेहळणी उड्डाणे झाली. ८७० हा आकडा इतिहासाला मिळाला तो या उड्डाणांमुळे. ऑगस्ट १९८७ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरातील ही नियमित उड्डाणे बंद झाली. तेव्हापासून तेथील बहुतेक वादळांची तीव्रता उपग्रहचित्रांतील ढगांच्या रचनेवरून अनुमानिली जाते. ही पद्धत व्हर्नन ड्व्होरॅक यांची. २०१३ मध्ये फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या हैयानच्या वाऱ्यांचा वेग टिपपेक्षाही जास्त, ताशी ३१५ किलोमीटर, मानला गेला. त्याच्या केंद्रातील दाब जपानी हवामान खात्याने ८९५ धरला. तो आकडा मात्र अनुमानाचा. समुद्रावर ऐन भरात असताना हैयानच्या डोळ्यात एकही टेहळणी विमान शिरले नव्हते.