शिळी झेरॉक्स: ड्रायव्हरमधला कॅशचा बग कसा पकडतात आणि कसा दुरुस्त करतात?

समजा, वडनेर भोलजीतल्या एका शेतकऱ्याने गेल्या वर्षी सातबाऱ्याची झेरॉक्स काढून ठेवली. मधल्या काळात भावाभावांची वाटणी झाली, फेरफार झाला, तलाठ्याकडची मूळ नोंद बदलली. शेतकरी मात्र पीककर्जासाठी तीच झेरॉक्स घेऊन बँकेत गेला. कागद खोटा नाही, पण माहिती शिळी आहे. मोबाईल आणि संगणकाच्या आत असाच घोटाळा होतो, तेव्हा त्याला कॅश कोहेरन्सीचा बग म्हणतात.

प्रोसेसरच्या वेगापुढे मुख्य मेमरी फार संथ असते. म्हणून तो लागणारा डेटा स्वतःजवळच्या छोट्या, वेगवान कॅशमध्ये उतरवून घेतो. एका वेळी एक ‘लाईन’ उतरते, बहुतेक चिपांवर ६४ बाइटची. दुसरीकडे वायफाय चिप, कॅमेरा किंवा मेमरी कार्डाचा कंट्रोलर प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितो. याला डीएमए म्हणतात. मेमरी म्हणजे तलाठ्याचं दप्तर आणि कॅश म्हणजे झेरॉक्स.

बिघाड दोन्ही दिशांनी होतो. उपकरणाने मेमरीत नवा डेटा लिहिला, पण प्रोसेसर कॅशमधली जुनी प्रत वाचत राहिला. किंवा प्रोसेसरने फक्त आपल्या झेरॉक्सवर दुरुस्ती केली, ती दप्तरात पोहोचलीच नाही आणि उपकरणाने जुनंच उचललं. पहिल्या वेळी जुनी लाईन रद्द करावी लागते, दुसऱ्या वेळी ती मेमरीत उतरवावी लागते.

इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या संगणकांत ही काळजी हार्डवेअरच घेतं. अनेक स्वस्त एआरएम आणि रिस्क-फाइव्ह चिपांत मात्र खर्च आणि वीज वाचवण्यासाठी ती सोय नसते, तिथे जबाबदारी ड्रायव्हरवर येते. त्यामुळे लॅपटॉपवर वर्षभर नीट चाललेला ड्रायव्हर छोट्या बोर्डावर गेला की अधूनमधून चुकीचा डेटा देऊ लागतो. (पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये आणलेल्या परम ८००० मध्ये प्रोसेसरांपुरता हा वाद मुळातच टाळला होता. प्रत्येक नोडची मेमरी वेगळी आणि देवाणघेवाण निरोप पाठवून. सामायिक दप्तरच नाही, तर प्रती जुळवायच्या कशाला!)

हा बग पकडणं जिकिरीचं असतं, कारण संगणक बहुधा बंद पडत नाही. हजारात एखादी फाईल बिघडते, फोटोत एक पट्टी वेगळी दिसते. तपासासाठी कोडमध्ये संदेश छापणारी एक ओळ घातली, तर बग गायबही होतो. त्या ओळीच्या कामात जुनी लाईन कॅशमधून बाहेर ढकलली गेलेली असते! बिघडलेला तुकडा नेमका ६४ बाइटचा असेल आणि ६४ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू होत असेल, तर संशय कॅशवर घ्यावा. लिनक्स कर्नलमध्ये डीएमए व्यवहारांवर पाळत ठेवणारा तपासणी पर्यायही आहे. ड्रायव्हरने एखादी पायरी गाळली की तो इशारा देतो.

दुरुस्ती करताना घाईत कोणी थोडा विलंब घालतं, कोणी संपूर्ण कॅश रिकामी करतं. बग लपतो, जात नाही. खरा प्रश्न असतो तो ताब्याचा: या क्षणी हा बफर कोणाचा? लिनक्समध्ये बफर उपकरणाला देताना ‘मॅप’ आणि परत घेताना ‘अनमॅप’ करायचं असतं. तोच बफर पुन्हा पुन्हा वापरायचा असेल, तर प्रत्येक हस्तांतरणाला ‘सिंक’. ताबा उपकरणाकडे असताना प्रोसेसरने त्याला हात लावायचा नाही. परत घेतानाही सिंक लागतोच, कारण आधुनिक प्रोसेसर अंदाजाने पुढचा डेटा आधीच उचलून ठेवतो. म्हणजे फेरफार पूर्ण होण्याआधीच कोणीतरी उत्साहाने नवी झेरॉक्स काढलेली असते.

शेजाऱ्याचाही त्रास असतो. एकाच पानावर दोन गटांच्या नोंदी असाव्यात, तसा एका लाईनमध्ये डीएमएचा बफर आणि ड्रायव्हरचा दुसराच एखादा आकडा बसला, तर लाईन रद्द करताना तो आकडाही पुसला जातो. म्हणून ६४ बिटच्या एआरएमवर कर्नल बरीच वर्षं लहानात लहान मागणीलाही १२८ बाइटची जागा देत असे. २०२३ च्या ६.५ आवृत्तीत ही उधळपट्टी आवरली. लहान बफरांचा डीएमए गरज पडल्यास वेगळ्या, सुरक्षित जागेतून करायची व्यवस्था आली.

ताब्याचा हा करार किती नाजूक आहे, हे मार्च २०२२ मध्ये दिसलं. अशाच मधल्या बफरांतून जुनी माहिती फुटू नये म्हणून लिनक्समध्ये सुरक्षेची एक दुरुस्ती झाली आणि काही संगणकांवर एथ९के ड्रायव्हरचं वायफाय बंद पडलं. हा ड्रायव्हर पॅकेट आलं का ते बफरमध्ये नुसता डोकावून पाही आणि आलं नसेल तर ‘सिंक’ करून बफर चिपकडे सोपवी. नव्या दुरुस्तीमुळे या सोपवण्यात जुनी प्रत मधल्या बफरवर उतरवली जाऊ लागली. तेवढ्या वेळात चिपने नवं पॅकेट लिहिलेलं असेल, तर ते मिटून जाई. इथे प्रोसेसरची कॅश नव्हती, पण शिळ्या प्रतीने ताज्या नोंदीवर मात करण्याचा प्रकार तोच. लिनस टोरवाल्ड्स यांनी ड्रायव्हरला दोष दिला नाही, दुरुस्तीच मागे घेतली. माहिती फुटण्याची मूळ अडचण मग वेगळ्या पद्धतीने सोडवावी लागली.