बँकांतील यंत्रीकरण व कर्मचारी

बँकांतील यंत्रीकरण व कर्मचारी : कामाची साधने झपाट्याने पालटत असता नोकरदारांच्या मनातील अनिश्चितता कमी व्हावी व नव्या कामात त्यांना रुळता यावे, यासाठी भारतीय बँकांत झालेले करारमदार व इतर तजवीज यांचा विचार या नोंदीत केला आहे. आयुर्विमा महामंडळातील संगणकविरोधी लढ्याचा इतिहास वेगळा आहे.

जुनी कार्यपद्धती : धनादेश घेऊन खातेदाराच्या हाती पितळी टोकन दिले की कारकून जाडजूड लेजर उघडी, रक्कम नावे टाकून शिल्लक काढी व वही अधिकाऱ्यापुढे सरकवी, आणि त्याने नमुन्याशी सही ताडून धनादेश पास केल्यावर रोखपाल टोकनाचा क्रमांक पुकारी. सहामाहीअखेर व्याजाची आकारणी व लेजरांचा ताळा रात्री उशिरापर्यंत चाले, आणि ज्याची बेरीज प्रथमच जुळे त्याचा शाखेत दबदबा असे. यंत्र आले तेव्हा नोकरीइतकीच या दबदब्याचीही धास्ती अनेकांना पडली असावी. दप्तरात तिची नोंद क्वचितच सापडते.

कायदा व करार : औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 यात 1956 साली घातलेल्या कलम 9-अ नुसार, चौथ्या अनुसूचीतील सेवाशर्ती बदलण्यापूर्वी कामगारांना नोटीस देऊन 21 दिवस थांबणे मालकावर बंधनकारक झाले, आणि कपातीस कारण होऊ शकेल अशी यंत्रसुधारणा त्या अनुसूचीत मोडे, बदल तडजोडीच्या करारान्वये होत असल्यास मात्र नोटिशीची गरज नसे. 8 सप्टेंबर 1983 रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन आदी संघटना यांच्यात झालेल्या करारात यंत्रांना मर्यादित मुभा, कपात न करण्याची हमी व यंत्रावर काम करणाऱ्यांस विशेष भत्ता या गोष्टी एकत्र आल्या. व्याख्यानांनी जे साधले नसते ते या हमीने साधले, असे म्हणण्यास जागा आहे. बँकांतील यंत्रीकरणाविषयीच्या रंगराजन समित्यांचे अहवाल 1984 व 1989 साली आले. 1987 व 1993 च्या करारांनी मुभेची व्याप्ती वाढवली. संघटनांमुळे संगणकीकरण लांबले की सुकर झाले, याविषयी मतभेद आहेत.

प्रशिक्षण : पुणे येथील राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था 1969 सालची. भारतीय स्टेट बँकेने 2007 मध्ये ‘परिवर्तन’ हा कार्यक्रम सर्व थरांतील कर्मचाऱ्यांसाठी राबवला.

समुपदेशन : पाहा : औद्योगिक मानसशास्त्र.

स्वेच्छानिवृत्ती : 2000–01 च्या योजनेखाली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. 15 वर्षे सेवा किंवा 40 वर्षे वय ही पात्रता होती. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 60 दिवसांचे वेतन अथवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी कमी असेल ती रक्कम देय होती. अर्ज नामंजूर करण्याचा अधिकार बँकेने राखून ठेवला, परंतु एकदा केलेला अर्ज परत घेण्यास कर्मचाऱ्यांना मज्जाव केला; त्यावरून उद्भवलेले दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने 2002 च्या डिसेंबरात असा निर्णय दिला की, मंजुरीपूर्वी अर्ज सामान्यतः मागे घेता येतो, मात्र ज्यांनी योजनेचा पैसा स्वीकारला त्यांना ही सवलत नाही. भारतीय स्टेट बँकेच्या योजनेची कलमे निराळी असल्याने तिचा विचार न्यायालयाने स्वतंत्रपणे केला.