बराकींचे गाव : उल्हासनगर

लष्करी तळाची ओळख आपल्या खानदेशाला जुनी आहे. १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली, तेव्हा धरणगाव हे तिचे ठाणे होते. परंतु तळाचेच शहर झाले, असे पाहावयाचे तर कल्याणपर्यंत जावे लागते. जळगाव-चाळीसगावकडून मुंबईस जाणारी गाडी कल्याणच्या अलीकडे शहाड स्थानक ओलांडते. तिथून जवळच उल्हासनगर सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धात येथे सैन्याची मोठी छावणी होती. लढाई संपली, पलटणी गेल्या, लांबलचक बराकी मात्र राहिल्या. इकडे १९४७ ची फाळणी झाली. पंजाब व बंगाल विभागले गेले, सिंध मात्र सबंधच पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना आपले म्हणावे असे राज्य इकडे उरलेच नाही! जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर माणसे बोटीबोटींनी मुंबईस उतरू लागली. सरकारने त्यांना कल्याणच्या रिकाम्या छावणीत आणले. एकेका बराकीत आडोसे घालून अनेक कुटुंबे राहिली. नळ व शौचकूप सामाईक. हवेली सोडून आलेला सावकार आणि त्याचा कारकून एकाच भिंतीच्या दोन बाजूंस आले.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव ठेवले गेले. नाव आनंदाचे, पण राहणाऱ्यांची त्या वेळची स्थिती पाहता ते थोडे घाईचेच वाटते. लोकांनी 'कॅम्प' हाच शब्द धरून ठेवला. आजही कॅम्प नंबर १ ते ५ असेच म्हणतात.

पुढे १९५४ च्या कायद्याने निर्वासितांना नुकसानभरपाई व मालकी देण्याची सोय झाली. लेखकास महत्त्वाची वाटते ती हीच बाब. बराकीतील खोली नावावर झाली, पण कुटुंब वाढले, दुकान-कारखाना वाढला, खोली तेवढीच. मग पुढचे अंगण, मधली मोकळी जागा आणि शेवटी वरचे आकाशही वापरात आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, इमारती पाडण्याचे हुकूम झाले आणि २००६ साली या एकाच शहरासाठी बेकायदा बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याआधी १९९६ मध्ये येथे महानगरपालिका झाली होती. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या पाच लाखांवर गेली.

सिंधी भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तिची अरबी वळणाची ५२ अक्षरी लिपी आपल्या उर्दू वाचकांना बरीचशी ओळखीची वाटेल. आणि पत्ता? तेथे पत्रावर अजूनही बराक नंबर व खोली नंबर लिहितात.