फाईलच्या माथ्यावरील ओळी

सरकारी कार्यालयात तीन तपे काढलेल्या माणसाला कागदाच्या मजकुराआधी त्याचा माथा पाहण्याची सवय जडते. संगणकाच्या प्रोग्रॅमची मूळ फाईल, म्हणजे सोर्स कोड, प्रथम पाहिली तेव्हाही माझी नजर तेथेच गेली. कोणी लिहिले, कोणत्या वर्षी, इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे, अशा काही ओळी तेथे होत्या. यंत्र या ओळी वगळूनच पुढे जाते. त्या माणसांसाठी असतात, आणि प्रसंगी न्यायाधीशांसाठी.

असा प्रसंग अमेरिकेत आला. एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली ‘युनिक्स’ ही प्रणाली जन्मली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने ती परवान्याने घेतली आणि तीत स्वतःची मोठी भर घातली. १९८९ साली विद्यापीठाने आपल्या मालकीचा भाग सर्वांना खुला केला. आमची सूचना फाईलवर तशीच राहू द्या आणि श्रेय द्या, एवढीच काय ती अट. १९९१ साली जवळजवळ संपूर्ण प्रणाली अशी बाहेर पडली, बीएसडीआय नावाची कंपनी ती विकू लागली, आणि १९९२ साली एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने न्यायालय गाठले.

येथे वादीचाच जुना हलगर्जीपणा त्याला नडला. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार प्रसिद्ध कृतीवर कॉपीराइटची सूचना छापणे आवश्यक होते. युनिक्सची ‘३२ व्ही’ ही आवृत्ती मात्र अशा सूचनेविना वाटली गेली होती. १९९३ साली न्यायाधीश डिकिन्सन डेबेव्हॉइस यांनी तात्पुरता मनाईहुकूम नाकारताना या आवृत्तीवरील हक्क टिकण्याविषयीच शंका व्यक्त केली. शिवाय विद्यापीठाने उलट दावा लावला, की आमचा कोड तुमच्या युनिक्समध्ये आहे, मग कबूल केलेले श्रेय कोठे आहे?

१९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८,००० फाईलींपैकी तीन काढल्या गेल्या, काहींत किरकोळ बदल झाले, आणि सुमारे ७० फाईलींच्या माथ्यावर युनिक्स कंपनीची कॉपीराइट सूचना चढली. त्या फाईलीही मुक्तच राहिल्या! एवढ्यासाठी बर्कलीच्या प्रणालीवर जवळजवळ दोन वर्षे संशयाची छाया राहिली, आणि त्याच काळात लिनक्सने मूळ धरले.

दरम्यान कायदाच पालटला होता. अमेरिका बर्न करारात सामील झाल्यावर १ मार्च १९८९ पासून सूचना ऐच्छिक झाली. परिणाम मोठा विलक्षण. पूर्वी सूचना विसरणारा आपला हक्क गमावून बसे, आता न लिहिताही सर्व हक्क राखीव ठरतात. म्हणून ज्याला आपली कृती खरोखर वाटायची आहे, त्यानेच परवानगी स्पष्ट लिहून ठेवली पाहिजे. त्याच वर्षीच्या जीएनयू परवान्याच्या परिशिष्टात सूचना प्रत्येक फाईलच्या आरंभी जोडण्याचा सल्ला आहे. एकटी फाईल दुसरीकडे उचलून नेली, तर परवान्याचा स्वतंत्र कागद मागेच राहतो.

लिनक्सकर्त्यांनाही हे सारे सांभाळणे जमले नव्हते. २०१७ साली त्यांनी कर्नेलमधील परवान्याचा उल्लेख नसलेल्या दहा हजारांहून अधिक फाईलींवर ‘एसपीडीएक्स’ पद्धतीची एकेक ओळ चढवली. तीत परवान्याचे संक्षिप्त नाव तेवढे असते. लेखकाचे नाव हवे असेल तर निराळ्या ओळीत लिहावे लागते, याची मला थोडी चुटपुट वाटते.