शाळेत असतानाच कॉलेज : अमेरिकेतील एका सुधारणेचा इतिहास

शाळा कोठे संपते आणि कॉलेज कोठे सुरू होते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. शेवटची परीक्षा झाली, निकाल लागला, पेढे वाटले, की मूल कॉलेजात जाणार. हा क्रम जणू ऋतुचक्राप्रमाणे निसर्गानेच घालून दिला आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ही वेस माणसांनी घातलेली आहे, आणि आपल्या प्रांतात तर ती केव्हा घातली गेली ते साल सांगता येते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शाळा आणि कॉलेज आधी एकत्र नांदत होती. १८५६ साली ती वेगळी करण्यात आली. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, ते स्वतः या नव्या वेशीतून आत गेलेल्या पहिल्या तुकडीतले होते.

जी वेस माणसाने घातली, ती माणसाला हलविताही येते. ती हलविण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना, शाळा न सोडता, कॉलेजचे विषय फी न भरता शिकू द्यावयाचे, असा तो प्रयोग. त्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. त्यातून जो प्रश्न निघतो, तो मात्र केवळ अमेरिकेचा नाही. शिक्षण फुकट केले म्हणजे ते सर्वांचे होते काय, हा तो प्रश्न.

प्रथम तेथील व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत शालेय शिक्षण बारा इयत्तांचे. त्यातील शेवटच्या, बहुधा चार, इयत्तांची शाळा ती हायस्कूल. सरकारी हायस्कुलात फी नाही. तिचा खर्च करांतून चालतो. कॉलेजला मात्र फी द्यावी लागते, आणि ती फार भारी असते. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक उन्हाळा असा येतो, की त्याच्या अलीकडे विद्या फुकट असते आणि पलीकडे ती विकत घ्यावी लागते.

ही दरी बुजविण्याचा एक आरंभीचा यत्न इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांनी १९०१ साली हायस्कूल संपविलेल्या मुलांसाठी त्याच शाळेत कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थी अवघे सहा होते. त्यातूनच अमेरिकेतील पहिले सार्वजनिक ‘ज्युनिअर कॉलेज’ उभे राहिले. हा शब्द ऐकून आपली गल्लत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तेथे ते बारावीच्या पुढचे.

पुढचे पाऊल पडले ते युद्धाच्या छायेत. १९५१ साली कोरियात लढाई चालू होती आणि अठरा वर्षांच्या तरुणांना सैन्यात जावे लागत होते. त्यापूर्वी निदान दोन वर्षांचे उच्च शिक्षण पदरात पडावे, या हेतूने फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशातून सुमारे दोनशे मुले हायस्कूल पुरे होण्याच्या आधीच शिकागो, कोलंबिया, विस्कॉन्सिन आणि येल या चार विद्यापीठांत घेण्यात आली. वय साडेसोळाच्या आत. पुढे आणखी कॉलेजे या योजनेत आली. १९५७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ही मुले अभ्यासात इतरांच्या मागे पडली नाहीत, उलट पुष्कळदा पुढेच राहिली, असे त्यात दिसून आले. दरम्यान १९५२ साली तीन नामांकित शाळा आणि तीन नामांकित विद्यापीठे यांनी मिळून एक पाहणी प्रसिद्ध केली होती. शाळेच्या अखेरच्या वर्षांत शिकविलेले बरेचसे कॉलेजच्या पहिल्या वर्षांत पुन्हा शिकविले जाते, आणि हुशार मुलाचा काळ त्यात फुकट जातो, असा तिचा निष्कर्ष. मग १९५५ साली कनेक्टिकट विद्यापीठाने हायस्कुलांतच आपले विषय शिकविण्याची सोय केली, आणि १९५६ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा सुरू झाल्या. शाळेत उच्च पातळीचा विषय शिकून ही परीक्षा चांगल्या रीतीने दिली, की कॉलेज त्याचे श्रेय देऊ शकते.

हे सगळे चांगलेच झाले. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वेशीत जी खिडकी उघडली, ती वर्गात पहिल्या येणाऱ्यांसाठी. मधल्या बाकावरच्या मुलाचा विचार अद्याप कोणी केला नव्हता, आणि शेवटच्या बाकावरच्याचा तर नाहीच.

तो विचार न्यूयॉर्क शहरात झाला. तेथील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात १९७४ साली जॅनेट लीबरमन या विदुषीच्या कल्पनेतून एक हायस्कूल उघडण्यात आले, तेही कॉलेजच्याच आवारात. त्यात मुले घेतली ती हुशार म्हणून नव्हे, तर शाळा सोडून देण्याच्या बेतात आहेत म्हणून! जे मूल शाळेला कंटाळले आहे त्याला आणखी खाली न ढकलता मोठ्यांच्या सहवासात नेले, तर ते टिकेल, असा यामागचा तर्क. गुणवंताला बक्षीस म्हणून जे दिले जात होते, ते येथे गरजवंताला आधार म्हणून दिले गेले.

यानंतर १९८५ साली मिनेसोटा राज्याने जे केले, ते या इतिहासाचे मुख्य प्रकरण होय. तेथील राज्यपाल रूडी पर्पिच हे हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या भागात वाढलेले. वडील क्रोएशियातून आलेले खाणकामगार. शाळेत जाईपर्यंत रूडींना इंग्रजी येत नव्हते. गावच्या शाळाखात्याने १९१६ साली काढलेल्या ज्युनिअर कॉलेजात ते शिकले आणि पुढे दंतवैद्य झाले. गावच्या शाळेला लागून कॉलेज असले म्हणजे खाणकामगाराच्या मुलाचे काय होऊ शकते, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने अकरावी आणि बारावीच्या विद्यार्थ्यांना कॉलेजात जाऊन विषय घेण्याची मुभा दिली. कॉलेजने प्रवेश दिला, की फी राज्याने भरावयाची. क्रमिक पुस्तकेही विद्यार्थ्याला वापरावयास मिळावयाची. एकच विषय दोन खात्यांत जमा व्हावयाचा, शाळेच्या आणि कॉलेजच्याही. यातील खरी क्रांती पैशाच्या वाटेत होती. दर मुलामागे सरकार शाळेला जे अनुदान देते, त्यातील हिस्सा मुलाबरोबर कॉलेजकडे जाणार. आजवर अनुदान शाळेचे होते; ते आता विद्यार्थ्याच्या मागून चालू लागले.

साहजिकच विरोध झाला. शाळांचे अधिकारी आणि शिक्षकसंघटना यांनी हरकती घेतल्या. चांगली मुले निघून गेली तर वर्गांत उरेल कोण, आणि अनुदान गेले तर उरलेल्यांस शिकवावे कशाने? हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता; लहान गावातील शाळेला चार मुले गेली तरी एक वर्ग बंद करावा लागतो. पण कायदा टिकला. शाळांनी आपल्याच छपराखाली कॉलेजच्या तोडीचे विषय सुरू करण्याचा मार्ग धरला. मिनेसोटा विद्यापीठानेही १९८६ पासून हायस्कुलांत आपले विषय शिकविण्याची योजना चालविली. ज्या शाळांना मुले जाण्याची भीती होती, त्यांनाच मुलांसाठी काही नवे आणावे लागले.

मिनेसोटाचे पाहून इतर राज्ये पुढे आली. वॉशिंग्टन राज्याने १९९० साली ‘रनिंग स्टार्ट’ हा कायदा केला. २००२-०३ साली साऱ्या देशात सुमारे ८ लाख १३ हजार शाळकरी विद्यार्थी कॉलेजचे विषय घेत होते. २०१०-११ साली ही संख्या १४ लाखांच्या घरात गेली, आणि २०२२-२३ साली सुमारे २५ लाखांवर पोचली.

आकडे असे डोळे दिपविणारे आहेत. पण ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ राज्याराज्यांत निरनिराळा आहे, आणि कळीचा मुद्दा तेथेच आहे. वॉशिंग्टनमध्ये शिकवणीची फी माफ होती. पुस्तके, प्रवास आणि किरकोळ आकार मात्र विद्यार्थ्याच्या माथी आले. मिनेसोटात पुस्तकांची सोय होती आणि गरीब घरच्या मुलांना प्रवासखर्चही मिळू शकत होता. ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याला कॉलेज दहा मिनिटांवर. ज्याच्या घरी ती नाही त्याला तेच कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात असल्यासारखे. शिवाय अशी सोय आहे हे घरी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. देशभर पाहता कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाची आणि गरीब घरची मुले या वर्गांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी दिसून आली. कायद्याने दार सर्वांना उघडले. आत आधी गेली ती बहुधा शिकलेल्या आईबापांची मुले.

आणखी दोन धोके सांगितले पाहिजेत. सोळाव्या वर्षी कॉलेजात मिळविलेले गुण कायमच्या नोंदीत राहतात; त्या वयातील एका नापाशीचा डाग पुढे शिष्यवृत्ती मागताना आड येऊ शकतो. आणि एका कॉलेजचे श्रेय दुसरे विद्यापीठ मान्य करीलच असे नाही. तसे झाले तर वाचविलेले वर्ष कागदावरच राहते.

हे सारे ऐकून आपल्याकडील श्रोत्यांस काही ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि अकरावी-बारावीची मुले कोठे शाळेच्या, तर कोठे कॉलेजच्या इमारतीत बसू लागली. वेस अशी सहज सरकली. फीचेही तसेच. १९६० च्या सुमारास आपल्या राज्याने बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली. ‘ई.बी.सी.ची सवलत’ या नावाने ती घरोघर ठाऊक झाली, आणि कितीतरी घरांतील पहिला पदवीधर तिच्यामुळे झाला.

पण फीमाफीच्याही आधी एका माणसाने या प्रश्नाचे मूळ ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, आणि १९४७ साली तेथेच शिवाजी कॉलेज सुरू केले. खेड्यातल्या मुलाला शाळेत आणावयाचे तर आधी त्याला राहावयास जागा आणि दोन वेळची भाकर पाहिजे, हे त्यांनी जाणले. ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग त्यातूनच निघाला. अमेरिकेला जो धडा कायदे करून शिकावा लागला, तो आपल्याकडे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आधीच गिरविला गेला होता.

तेव्हा उद्या कोणी आपल्या गावात येऊन अमुक शिक्षण फुकट केले आहे, असे सांगू लागला, तर आपण आनंद जरूर मानावा. पण त्याला चार गोष्टी विचाराव्यात. पुस्तके कोण देणार? एस.टी.चा पास कोण काढणार? दुपारच्या जेवणाचे काय? आणि ज्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, तेथे जाऊन ही बातमी कोण सांगणार? शेवटचे काम तर सरकारचे नव्हे, तुमचे आमचे आहे. त्याला खर्चही लागत नाही.